शेपटी कापलेला वस्तरा

मी एक जुना वस्तरा आहे. नक्की किती जुना, यावरून माझ्या बाबतीत बरीच चर्चा झाली आहे. पण मित्रांनो, मला वयाचे कौतुक उरलेले नाही. आज मला भीती वाटते आहे आणि ती स्वतःसाठी नाही.

भट्टीतून लालबुंद निघालो, ऐरणीवर मार खाल्ला, दगडावर घासला गेलो, तेव्हा कुठे मला धार आली. पात्याच्या मागे मला छान वळणदार शेपटी होती. दाढी करताना न्हावी तिच्यावर करंगळी टेकवतो. मला विकत घेणाऱ्या न्हावीकाकांचा हात हलका आणि तोंड अखंड चालू. गिऱ्हाईक हसू लागले की ते मला अलगद वर उचलत. "हसून घ्या साहेब, गळा तुमचा आहे!" म्हणत. लोक माझी तारीफ करीत आणि मी फुलून जात असे.

एका सकाळी मी त्यांच्या ओल्या हातातून निसटलो आणि बेसिनच्या कडेवर आपटलो. वरून काहीच दिसेना. काकांनी मला खिडकीशी नेले, नखाने टिचकी मारली, कान देऊन ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. पात्याच्या मुळाशी केसाएवढा तडा गेला होता. जोर पडला तर तिथला तुकडा कधी निखळेल, याचा नेम नव्हता. काकांनी मला फेकले नाही. कानस घेऊन माझ्या शेपटीवर आडव्या खाचा पाडल्या. त्यांच्या धंद्यात ही खूण सगळे ओळखत: हा वस्तरा आता माणसाच्या अंगाला लावायचा नाही. पुढे मी दोऱ्या कापल्या, चामडे कापले. मन खट्टू व्हायचे, पण मी निर्धास्त होतो.

काका गेले. त्यांच्या सुनेने दुकान आवरले आणि भंगारातून मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराकडे पोहोचलो. हा गृहस्थ मोठा बिलंदर. फार पूर्वीच्या वस्तऱ्यांना शेपटी नसायची, हे त्याला पक्के ठाऊक. त्याने माझी शेपटी कापून टाकली. तिच्याबरोबर काकांची खूणही गेली. मग पात्याला अशी झिलई दिली की तडा बुजला. चहाच्या पाण्यात मुरवून पिवळी केलेली मूठ बसवली आणि एका दुपारात मला शंभर वर्षांनी म्हातारा केले.

मला एका बसचालकाने घेतले, त्याच्या वडिलांसाठी. घरी नेल्यावर त्याला शंका आली, म्हणून तो मला संग्रहालयातल्या पारखीबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी भिंग लावले. "शेपटी मागाहून कापलीय. पाठीवर गंजाचे जुने डाग आणि हे टोक बघा कसं कोरं! मूठसुद्धा याची नाही. फसवलं तुम्हाला."

माझा जीव भांड्यात पडला. आता त्या टिचकी मारतील, असे मला वाटले. पण त्यांना वय शोधायचे होते आणि ते सापडले होते.

बसचालक उलट खूश झाला. "म्हणजे फार मोलाचा नाही ना? बरं झालं. वापरायला जीव धजत नव्हता. बाबांना मशीनची दाढी आवडत नाही हो. हात थरथरतात त्यांचे, म्हणून मीच करणार."

"मग खुशाल वापरा," बाई हसल्या. "धार तेवढी चांगली लावून घ्या."

त्याने धार लावून घेतली. दगडावर घासला जाताना तडा आत सरकत होता आणि मला ते कळत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्यांचे वय विचारण्याआधी त्यांना कुठे दुखले आहे ते बघा. तुमच्या हातून काही मोडले तर ते झाकू नका, पुढच्याला सांगा. मला तोंड असते तर मी आत्ता ओरडलो असतो.

बाबा खुर्चीत बसले आहेत. गालांवर, गळ्यावर पांढरा फेस आहे.

"जमेल ना रे तुला?"

"जमेल. तुम्ही फक्त हलू नका."

"मी कशाला हलतोय!" म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

मुलाने मला त्यांच्या गळ्याला टेकवले आहे. त्याचा हात अगदी स्थिर आहे.