अंजूची पावशी

मी अंजूची पावशी बोलतेय. शहरातले लोक मला विळी म्हणतात, म्हणू देत बापडे. कारंज्याच्या बाजारातून तिनं मला पारखून आणलं आणि इंझोरीच्या मळ्यातली वांगी-कोबी मी इतकी चिरली, की विचारू नका.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बाया आपापली पावशी घेऊन भाजी चिरायला जमतात. कोणाची सून कशी, कोणाचा जावई कसा, सगळं मला माहीत आहे. सांगणार नाही. अंजूचा हात चलाख, म्हणून पहिलं बोलावणं तिलाच असायचं.

नवरा वारल्यावर तिला एचआयव्ही असल्याचं कळलं. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या ती न चुकता घेते, तब्येत ठणठणीत आहे. दोन वर्षं गावात कोणाला पत्ता नव्हता. मग कोणीतरी तिला गोळ्यांच्या रांगेत पाहिलं आणि भाजीचं बोलावणं बंद झालं. शेजारी मांडव पडायचा, आम्ही दोघी घरात. मला भारी राग यायचा.

यंदा शेजारच्या विमलबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. अंजू न बोलावता मला घेऊन गेली. बाया सरकून बसल्या. विमलबाई म्हणाल्या, "अंजू, जेवाले ये ना वं तू. पावशी कायले आणली? कोणाले लागली म्हंजे?"

अंजू उठायला लागली, तेवढ्यात बायांमध्ये चिरायला बसलेल्या ललिताबाई बोलल्या, "बस वं. मागच्या साली एका लग्नात आमच्या दोघींच्या पावश्या बदलल्या होत्या. तवा हिले बिमारी होतीच, आपल्याले माहीत नोतं. महिनाभर मी हिच्याच पावशीनं चिरलं, दोनदा बोट कापलं. बातमी आयकली अन् माही झोपच उडाली. तपासून आली, काईच निघालं नाही. नर्सबाई म्हने, पावशीनं, ताटानं, संग बसल्यानं हे होत नाही. तुमाले सांगाची मले लाज वाटली, तेच माहं चुकलं."

मग त्या अंजूला खेटून बसल्या, आपली पावशी तिच्यापुढे सरकवली आणि मला ओढून घेऊन वांगी चिरू लागल्या. विमलबाईंनी जरा वेळ पाहिलं आणि कोबीची गोणी दोघींच्या पुढ्यात ओतली. अंजूचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही.

ललिताबाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही. माझं पातं आता झिजलंय, तरी मी सुखात आहे. वाचणाऱ्यांना एकच सांगते. तुमच्याही गावात एखादी अंजू असेल. तिला नुसतं जेवायला नका बोलावू, भाजी चिरायला बोलवा.