आतून लावलेली पट्टी

माझी जीभ मला आयुष्यभर नडली, पण त्या संध्याकाळी तिने हद्द केली.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कुनुनुरा गावी, राहत्या गाड्या घेऊन फिरणारे जिथे मुक्काम ठोकतात त्या कॅरॅव्हॅन पार्कात, आम्हा म्हाताऱ्यांची संध्याकाळी पाचची बैठक असते. ज्याने त्याने आपली घडीची खुर्ची आणायची, आपलं पेय आणायचं आणि सूर्य बुडेपर्यंत एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची. मी चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो आणि परवाना अजून खिशात आहे, त्यामुळे विजेचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी विषय काढला ग्लेनिसने. गेल्या ऑक्टोबरात तिचा नवरा किथ गेला, आणि यंदा ती त्यांची अठ्ठावीस वर्षांची जुनी व्हॅन एकटी चालवत पर्थहून इथवर आली होती. माझी आणि माझ्या बायकोची, बेरिलची, त्या दोघांशी फार जुनी ओळख. ग्लेनिस म्हणाली, पलंगाखालचा कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरची वीज व्हॅनच्या दिव्यांना नि फ्रिजला चालेल अशी करून देणारा डबा, भयंकर तापतोय. पार्कची वीज जोडली की अर्ध्या तासात त्याचा पंखा बोंबलायला लागतो, मग तो डबा आपोआप बंद पडतो, दिवे जातात, फ्रिजमधलं दूध नासतं. वरच्या फळीला हात लावला तर चटका बसतो. आता व्हॅनचं सगळं वायरिंग किथने स्वतः केलेलं, आणि किथ जन्मभर बेकरीवाला.

"अगं, मग बरोबर आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. "पाववाल्याने वायरिंग केलं की त्याची भट्टीच होणार."

सगळे हसले. ग्लेनिसही हसली, पण जरा उशिरा. मला तिथे थांबता आलं असतं. पण हशा मिळाला की मला चेव येतो. मी पुढे म्हणालो की किथ माणूस लाखातला, पण असलं काम करणाऱ्याच्या हातात पक्कड देऊ नये, एखाद्या दिवशी आत झोपलेलं माणूस जळून जायचं. तोवर मी एक स्क्रूसुद्धा उघडून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं घेऊन गेलो. बाहेरची वीज तोडली, बॅटरीची तार सोडवली, पलंगाची फळी उचलली आणि बघतच राहिलो. वायरिंग देखणं होतं. प्रत्येक तार नीट बांधलेली, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलेलं: पंप, दिवा, फ्रिज. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी जणांना असं जमलं नसतं. मी एकेक जोड ओढून पाहिला. एकही सैल नव्हता.

मग कन्व्हर्टरचे चार स्क्रू काढून डबा पुढे ओढला. त्याच्यामागे व्हॅनच्या भिंतीत झरोका असतो, त्यातून गरम हवा बाहेर जाते. त्या झरोक्यावर आतून चंदेरी चिकटपट्टी चोपून बसवलेली होती. पट्टीवर काळ्या शाईने दोन अक्षरं आणि एक तारीख. अक्षरं माझ्या नावाची होती. तारीख गेल्या वर्षीची, बारा जुलै.

गिब नदीच्या कच्च्या रस्त्याला लागण्याआधी आम्ही सगळेच गाड्यांचे झरोके पट्टीने बंद करतो, नाही तर लाल धूळ अंथरुणापर्यंत येते. बाकीचे बाहेरून लावतात. बाहेरची पट्टी खडखडाटात उडून जाते, म्हणून मी आतून लावतो. ही माझी खास युक्ती, आणि ती मी दर वर्षी दोघातिघांना तरी ऐकवतो. गेल्या वर्षी, तो रस्ता जिथून सुरू होतो त्या डर्बी गावात, किथच्या व्हॅनची पट्टी डबा पुढे ओढून मीच लावून दिली. केलेल्या कामावर नाव आणि तारीख टाकायची ही माझी चाळीस वर्षांची सवय. रस्ता संपला की मीच ती काढणार होतो. पण रस्ता संपला त्याच दिवशी किथच्या छातीत दुखायला लागलं, ती दोघं घाईघाईने हॉस्पिटलकडे गेली आणि पट्टी माझ्या डोक्यातून साफ निघून गेली. तेव्हापासून त्या डब्याची गरम हवा पलंगाखालीच कोंडत होती.

"काय सापडलं रे?" ग्लेनिसने बाहेरून विचारलं. ती चहा करत होती.

"धूळ," मी म्हणालो.

पट्टी सोलून चड्डीच्या खिशात कोंबली. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघत होतो. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. मग गुपचूप काम उरकलं. तापून तापून पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, पंखाच बदलला, आतली धूळ साफ केली, डबा परत बसवला, वीज जोडली. तासभर बसून राहिलो. फळी जेमतेम कोमट झाली. ग्लेनिसने किथच्या पद्धतीने केलेला फळांचा केक कापून पुढे ठेवला. मी एक तुकडा मोडून बशीतच ठेवला.

"उपकार झाले बघ, वॉली," ती म्हणाली. "आता गिऱ्हाइकाला दाखवायची लाज नाही वाटणार."

कसलं गिऱ्हाईक, मी विचारलं. तेव्हा कळलं की काल बैठकीतून उठल्यावर तिने धुण्याच्या खोलीतल्या फळ्यावर व्हॅन विकायची चिठ्ठी लावली होती. तिला झोप लागली नव्हती. किथने आणखी कुठे काय करून ठेवलं असेल, कोणाला ठाऊक.

"वीस वर्षं त्याच्या कामावर विसंबून या गाडीत निजले," ती म्हणाली. "तू बोललास ते बरं झालं."

निदान तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. केक छान झालाय असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो.

बेरिलला सांगावंच लागलं नाही. पट्टी खिशाच्या अस्तराला चिकटली होती, आणि चड्डी धुवायला घेताना तिने ती ओढून काढली. तारीख वाचली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिला सगळं समजलं. मी म्हणालो, संध्याकाळी ग्लेनिसला बाजूला घेऊन सांगतो.

"नावं चारचौघांत ठेवलीस ना त्याला?" बेरिल म्हणाली. "मग कबूलही चारचौघांतच कर. कोपऱ्यात नको."

पाच वाजता मी खुर्ची न घेताच गेलो. उभ्यानेच सांगितलं. पट्टी वर धरून दाखवली. म्हणालो, किथचं वायरिंग माझ्यापेक्षा सरस आहे, काल मी ज्या कामाला हसलो ते माझं होतं, आणि आज सकाळी मी ग्लेनिसशी खोटं बोललो. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघायला सुरुवात केली. सांगून टाकलं म्हणून मला जरासं हलकं वाटत होतं. ते फार वेळ टिकलं नाही.

ग्लेनिसने हात पुढे केला. मी पट्टी दिली. तिने तारीख दोनदा वाचली.

"हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं, डबा तापतोय म्हणून," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी म्हटलं, वॉलीने हात लावला होता ना, त्याला फोन कर. तर म्हणाला, वॉलीचं काम चुकायचं नाही, माझंच कुठेतरी चुकलं असणार. मग शेवटचा महिनाभर रोज गुडघ्यांवर बसून एकेक तार तपासायचा. त्या चिठ्ठ्या तेव्हाच्याच. डबा मात्र त्याने हलवला नाही. म्हणाला, त्यात बाहेरची वीज येते, ते परवान्याचं काम, ते वॉलीच करेल."

तिने पट्टी घडी करून खिशात ठेवली आणि उठून धुण्याच्या खोलीकडे चालू लागली. फळ्यावरची चिठ्ठी मी काढतो असं म्हणत मी दोन पावलं तिच्या मागे गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "तू बस."

मी खुर्ची आणली नव्हती. तसाच उभा राहिलो.