तळाशी बसलेलं तेल

माझी बायको वैजयंता वैशाखात गेली. भाईंदर पश्चिमेला मार्केटच्या तोंडाशी तिची वडे-भज्यांची गाडी होती. एकाच तेलात ती फार वेळ तळायची नाही. गिऱ्हाईक खोकलं तर माझ्या नावाने खोकेल, म्हणायची. वापरलेलं तेल गाळून कॅनमध्ये भरायची, कॅन गॅलरीत ठेवायची आणि साबणवाला येऊन ते घेऊन जायचा. ती गेल्यावर तो आला तेव्हा मी म्हटलं, "अभी नहीं." पुढच्या वेळी आला तेव्हाही तेच सांगितलं. कॅन मला देववत नव्हते आणि बघवतही नव्हते.

तळणाच्या तेलापासून डिझेल करता येतं, असं त्याच सुमारास पेपरात वाचलं. सायबर कॅफेत जाऊन आणखी माहिती छापून आणली. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळायचा असतो. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीवर नोकरी केली आहे, त्यामुळे कॉस्टिक, हातमोजे, चष्मा यांत मला नवीन काही नव्हतं. शिवाय हाताला काम हवं होतं. घरात बसलो की भिंती दिसायच्या.

वैजयंताचं माहेर उत्तनचं. तिचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र मासेमारी करतो. लहान बोट, त्यावर तो आणि दोन खलाशी. तो वैजयंताला बाय म्हणायचा. त्या वर्षी डिझेल इतकं महागलं होतं की पावसाळ्यानंतर बोट काढावी की नको, असं तो बोलत होता. मी त्याला तेलाचं सांगितलं तेव्हा तो आधी हसला.

"वड्याच्या तेलावर बोट? बायच्या तेलावर? मंग ती मना दर्यात पन ओरडंल, हऱ्या, जेवलास का म्हनून."

हसून झाल्यावर म्हणाला, "आना कॅन. माझे वाड्यात करा."

त्याच्या घरामागे पत्र्याची उघडी शेड आहे. तिथे मी काम मांडलं. पहिला छोटा घाणा चांगला निघाला. इंजिन थोडा वेळ त्यावर चालवून पाहिलं. धूर आला तो भज्यांच्या वासाचा. हरिश्चंद्राची बायको सुलू स्वयंपाकघरातून धावत आली, "कोन तलतंय?" म्हणत. आम्ही तिघंही हसलो. वैजयंता गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसलो असेन.

दुसरा घाणा मोठा होता, टाकी भरेल एवढा. तो नारळी पुनवेच्या दिवशी तयार झाला. ग्लिसरीन खाली बसलं, ते काढलं. वरचं डिझेल पाण्याने धुतलं. मग उरलेलं पाणी उडून जावं म्हणून चुलीवर पातेल्यात गरम केलं. आता फक्त तपासणी राहिली होती. ती अशी असते: बाटलीत मिथेनॉल घ्यायचं, त्यात थोडं आपलं डिझेल घालायचं आणि हलवायचं. पुरतं बदललेलं तेल मिथेनॉलमध्ये विरघळतं. कच्चं राहिलेलं विरघळत नाही, ते तळाशी बसतं. बाटली स्वच्छ दिसली की माल पास.

हरिश्चंद्राच्या घरात एक रीत आहे. पुनवेला दर्याला नारळ द्यायच्या आधी बोटीची टाकी भरलेली पाहिजे. रिकाम्या पोटी बोटीची पूजा करायची नाही, असं त्याचा बाप सांगायचा. सगळी बंदरावर निघाली होती. बाहेर बाबाजीने, त्याच्या शेजारच्या बोटवाल्याने, हाक मारली, "हऱ्या, तुजा वडापाव झाला का न्हाय?"

"भावजी, झाला ना?" हरिश्चंद्राने विचारलं.

पातेलं अजून हाताला चटका देत होतं. मी त्यातलंच बाटलीत घातलं, हलवलं, उजेडात धरलं. स्वच्छ.

"पास," मी म्हटलं.

टाकी भरली. पूजा झाली. सुलूने इंजिनला हळद-कुंकू लावलं, आणि न सांगता उरलेल्या कॅनलाही लावलं. मी मुक्कामाला तिथेच राहिलो. पहाटे ओहोटीला बोटी गेल्या, त्या मला कळल्याही नाहीत.

उजाडल्यावर चहा घेऊन शेडमध्ये गेलो. बाटली फळीवर होती. तिच्या तळाशी पिवळं काहीतरी होतं.

मी बाटली हलवली. ते विरघळलं नाही, गढूळ झालं आणि पुन्हा हळूहळू खाली जमलं. मी छापून आणलेली पानं काढली. त्यात लिहिलेलंच होतं: मिथेनॉल आणि डिझेल, दोन्ही थंड असावीत. गरम असलं तर कच्चं तेलही विरघळलेलं दिसतं. हे मी वाचलं होतं. पण आपल्याकडे थंड काय असतं, असं म्हणून सोडून दिलं होतं. पातेल्यात उरलेलं, आता गार झालेलं डिझेल घेऊन नवीन बाटली केली. हलवायचं थांबवल्याबरोबर थेंब खाली जायला लागले.

सुलू अंगणात मासळी सुकवायचे बांबू धुवत होती. हंगामातली पहिली मासळी येणार म्हणून गाणं गुणगुणत होती. मी बाटली लुंगीत धरून उभा राहिलो. सांगितलं नाही आणि काही झालं नाही, तर कुणाला कळणारही नव्हतं.

"काय लपवताव?" तिने मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं.

"मना रसायन नको. इंजिन बंद परंल का?"

"पडू शकतं. पडेलच असं नाही."

"डागदर बी असाच बोलत होता, बायच्या वक्ताला," ती म्हणाली. तिने हात पदराला पुसले आणि धक्क्याकडे चालायला लागली. मी मागे.

हरिश्चंद्राच्या बोटीवर वायरलेस नाही आणि त्याच्या मोबाईलची रेंज किनाऱ्यावरच संपते. पण बाबाजी बर्फाची गाडी उशिरा आल्यामुळे अजून धक्क्यावर होता.

"काय गो, वडापाव संपला का हऱ्याचा?"

"हसू नको रं. तेल खराब हाय. त्याला गाठ आनि सांग."

बाबाजीने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, आमी बर्फ तपासून घेतो, तुमी तेल तपासला न्हाय?"

"तपासलं होतं. चुकीचं तपासलं."

तो बोटीत चढायला लागला तसं मी म्हटलं, "मीही येतो."

"तुमी कशाला? तुमाला सांभालू का त्याला शोधू?"

तो गेला. आम्ही धक्क्यावर बसलो. वारा होता, फार नव्हता. प्रत्येक झुळुकीला मी पाण्याकडे बघत होतो. सुलू जागची हलली नाही. कुणीतरी चहा आणला, तो आमच्यात गार झाला. हॉस्पिटलच्या बाकावर मी असाच बसायचो. तिथे दार उघडलं की उठायचो, इथे बोट दिसली की. पण तिथे माझ्या हातात काही नव्हतं. इथे जे झालं ते माझ्याच हातून झालं होतं. एक बोट आली, ती दुसऱ्याची. आणखी एक आली, तीही. त्यांना विचारलं तर म्हणाले, हऱ्या लांब गेलाय, उत्तरेला.

ऊन कलल्यावर बाबाजीची बोट दिसली. ती सावकाश येत होती. मागे दोर होता आणि दोराला हरिश्चंद्राची बोट होती. सुलू मोजत होती, मोठ्याने: एक, दोन, तीन. तिन्ही माणसं उभी होती.

हरिश्चंद्र उतरला तोच माझ्या अंगावर आला. "फिल्टर चोंदला! साफ केला, परत चोंदला! इंजिन बंद, ओहोटी दर्यात ओढतंय, पोरं रडाला आली!"

तो ओरडत होता आणि मला बरं वाटत होतं. ओरडतोय म्हणजे आहे. त्याचा श्वास संपल्यावर मी विचारलं, "पंपावरच्या डिझेलचा कॅन होता ना बोटीवर?"

"होता."

"मग इंजिन पहिल्यांदा अडखळलं तेव्हाच पाइप त्या कॅनला का नाही लावलास?"

तो जाळ्याकडे बघायला लागला.

"बायचा तेल हाय. वाटला, चालंल. ती काय मना मधीच सोडंल?"

तेव्हा मला राग आला. इतक्या महिन्यांत मला कशाचाच राग आला नव्हता.

"ते तिचं नाही! तिचं तेल चांगलं होतं. ते मी शिजवलं आणि मी कच्चं ठेवलं. इंजिनाला बाय कोण ते माहीत नाही, हरी. अडखळलं की बंद करायचं."

बाबाजी दोर गुंडाळत होता, तो थांबला. मग सुलू मधे आली.

"भांडान नंतर करा. टाकी कोन रिकामी करतंय?"

मी पाइप आणला. हरिश्चंद्राने कॅन धरला. तेल उतरायला लागलं तसा तो हळू आवाजात म्हणाला, "टाकून द्यायचा?"

"नाही. परत शिजवायचं. गार झाल्यावर तपासायचं, एक रात्र ठेवायचं, परत तपासायचं. तोवर तू पंपावरचं भर."

"आनि तरी पास न्हाय झाला तर?"

हे उत्तर मला सकाळपासून माहीत होतं, पण तोंडाने म्हटलं नव्हतं.

"तर बोटीत घालायचं नाही. मग ते कुणाचंही असो."

त्याने कॅन थोडा वर उचलून धरला, पाइप नीट आत बसावा म्हणून. टाकीच्या तळाचं शेवटचं येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच वाकून उभे होतो.