म्हादूच्या घरातला बार

पुण्यात बावीस वर्षं काढून परत आलेल्या माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कुणाला जेवायला टेबल लागतं, कुणाला सकाळी बिस्कीट लागतं. आमच्या म्हादूला बार हवा होता. तो त्याने माझ्याकडे मागितला, कारण वेल्ह्यापासून नसरापुरापर्यंत लाकडाचं नाजूक काम निघालं की लोक रखमाजी सुताराचंच नाव घेतात. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. बाकीचे सुतार नांगर बरे करतात.

म्हादू धनगर. त्याची वाडी तोरण्याच्या अंगाला, वर रानात. तरणा असताना मेंढरं विकायला म्हणून पुण्याला गेला आणि कॅम्पात गोऱ्या अंमलदारांच्या एका मेसमध्ये कामाला राहिला. आधी भांडी घासली, मग ग्लास धुतले आणि पुढची सगळी वर्षं बारच्या मागे उभा राहून साहेबांना दारू ओतून दिली. वर्षातून पंधरा दिवस घरी यायचा. बाकीचे दिवस बायको भागूबाई साठ मेंढरं, दहा शेळ्या आणि सासू एकटीच्या जिवावर सांभाळायची. अडतीस साली नोकरी संपवून तो आला, तेव्हा बरोबर एक पत्र्याची पेटी होती. पेटीत सहा काचेचे ग्लास, सात देखण्या रिकाम्या बाटल्या आणि एक पांढरंशुभ्र फडकं.

उंचीने म्हादू बेताचा. बेताचा म्हणतो तेही जुन्या मैत्रीखातर. भागूबाईच्या खांद्याशी त्याचं पागोटं संपतं. पण आल्या दिवसापासून तो वाडीला सांगत सुटला, की गोरा साहेब उंच असतो ही थाप आहे.

"माझं नाक त्याच्या नाकाम्होरं," तो म्हणायचा. "बावीस वर्सं रोज बघितलंय म्या. एक बोटभर फरक न्हाई."

वाडीला हे ऐकून फार बरं वाटलं. खुद्द पाटलांनीसुद्धा त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

तर हा म्हादू एका सकाळी माझ्या कामाच्या छपरात आला आणि रंध्याच्या ढलप्यांवर बसला.

"रखमाजी, मला घरात बार करून पायजे."

"ते काय असतंय?"

"लांब फळी. ह्या अंगाला देनारा, त्या अंगाला घेनारा."

"मंग वाण्याचं दुकान म्हन की."

"वाण्याच्या दुकानात कुनी फळीवर रेलून हसतंय व्हय?" म्हादू म्हणाला. मग एक ढलपी बोटांत चुरत बोलला, "सायेब येतो. खाली पितळी दांडी असती, तिच्यावर एक पाय ठेवतो. कोपर फळीवर टेकतो. आन् नुसतं बोट वर करतो. बावीस वर्सं म्या ते बोट बघितलं, गड्या. आता घर माजं, फळी माजी. एक डाव म्या म्होरल्या अंगाला उबा ऱ्हानार. एकच डाव. मंग भले तू तितं शेळ्या बांध."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी कानावरची पेन्सिल काढली आणि सांग म्हणालो.

आणि काय सांगितलं त्याने! असं गिऱ्हाईक सुताराला जन्मात एकदा मिळतं. खालचा कप्पा किती खोल, वरचा किती, ग्लास पालथे घालायला खाचा कशा, फडकं अडकवायची खुंटी उजव्या हाताला, बाटलीच्या बुडाला कड किती बोटं हवी. पायाखाली वीतभर उंच फळ्यांचा पाट हवा, म्हणजे पाणी सांडलं तरी पाय कोरडे. डोळे मिटून तो हवेत हात फिरवी आणि मी त्या हाताखाली दोरी धरून माप घेई. पाट मी आधी करून टाकला, त्यावर त्याला उभा केला, आणि फळी कुठवर यायची ते विचारलं.

"बेंबीला. बराबर बेंबीला," म्हादू म्हणाला. मी दोरीला तिथे गाठ मारली.

"आता म्होरलं अंग सांग."

म्हादूने डोळे उघडले.

"म्होरनं म्या बघितलाच न्हाई."

"बावीस वर्सांत?"

"म्या मागल्या दारानं यायचा, मागल्या दारानं जायचा. म्होरं फडकं मारायला दुसरा गडी व्हता. त्यो कुनाला तितं फिरकू द्यायचा न्हाई."

मला तर आनंदच झाला. गिऱ्हाइकाला माहीत नाही म्हणजे सुतार मोकळा. पुढच्या बाजूला मी दोन हत्ती कोरले, मधे कमळ, दोन्ही टोकांना मोर आणि वर चंद्र-सूर्य. फळी फणसाची, एकसंध. पितळी दांडी काही मिळेना, तेव्हा मोडक्या बैलगाडीचा आस घासून लखलखीत केला आणि खाली बसवला. महिनाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. लोक नांगर घेऊन यायचे आणि हत्ती बघून परत जायचे.

दिवाळी उलटल्यावर सहा गड्यांच्या खांद्यांवरून बार वाडीला चढवला. भागूबाई दारातच उभी होती. तिने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिला.

"भावजी," ती मला म्हणाली, "ह्यो आत ऱ्हानार. मंग आमी कुठं ऱ्हायचं?"

"वैनी, ह्याला शोभा म्हनत्यात."

"शोभंला झाडून काडावं लागतंय का वो?"

पण बार बसला तशी ती मागच्या बाजूला जाऊन वाकली, खालचा खोल कप्पा हाताने चाचपला, आणि कालच जन्मलेली दोन कोकरं आणून त्यात ठेवली. दार लावून घेतलं. "ऊब हाय," म्हणाली. माझ्या कामाचं तिच्याकडून झालेलं कौतुक एवढंच.

उद्घाटन सोमवारी दुपारी ठरलं. म्हादूने सात बाटल्या भरून मांडल्या: तीन ताकाच्या, दोन काकवीच्या पाण्याच्या, एक कोकमाची आणि एक मोहाची. मोहाचा बोभाटा नको, म्हणून तिला औषध म्हणायचं ठरलं. मंडळी आली. वाडीतले सगळ्यांत जाणते बिरूआबा, त्यांचा पुतण्या हैबती आणि आणखी चौघं-पाचजण. सगळ्यांनी आधी चंद्र-सूर्याला हात जोडले. मग इकडेतिकडे बघू लागले.

"या, या! हितं टेका," म्हादू मागून ओरडला. तो मागेच होता, कारण कुठल्या बाटलीत काय आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. "कोपर टेका आबा. पाय त्या दांडीवर."

बिरूआबांनी दांडी पाहिली. फळी पाहिली. ती त्यांच्या छातीशी येत होती.

"उबं ऱ्हाऊन प्यायचं?"

"व्हय. सायेबाची तीच रीत हाय."

"म्हादबा," आबा म्हणाले, "उब्यानं बैल पितो. मानूस बसून पितो. पावन्याला कुनी उब्यानं देतंय का? दारावरच्या जोग्याला देत्यात तसं."

म्हादूने खूप समजावलं. पण आबांनी भरलेला ग्लास उचलला, दोन पावलं मागे आले आणि सरळ खाली घोंगडीवर मांडी घातली. आबा बसले तसे सगळे बसले. आता आबांपुढे उभं राहण्याची छाती कुणाची? मीसुद्धा बसलो.

मग जे झालं ते फळीमागून म्हादूला कसं दिसलं असेल, याचा विचार करून मला आजही हसू येतं. त्याच्यासमोर बार होता, आणि बारपुढे कुणीच नव्हतं. खालून नुसत्या गप्पा ऐकू येत होत्या. मधूनच एक हात वर यायचा, रिकामा ग्लास फळीवर ठेवायचा आणि गुडूप व्हायचा. म्हादू फळीवर पोटावर आडवा होऊन खाली डोकवायचा, "कुनाचा ह्यो?" विचारायचा, आणि ओतून द्यायचा. हैबतीचा हात सारखा वर येत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला औषधच लागत होतं.

शेवटी म्हादू काकुळतीला आला. "हैबती, जरा मागं येतो का? मला थोडा येळ म्होरं यायचंय."

हैबती उठला, मागे गेला. म्हादू फडकं झटकून पुढे यायला निघतो तोवर हैबतीने औषधाची बाटली थेट तोंडाला लावली आणि आणखी आहे का बघायला खालचा कप्पा उघडला. दोन्ही कोकरं बाहेर उड्या मारत आली, त्यांच्या मागे हैबती, आणि हैबतीच्या मागे एक ग्लास. ग्लास फुटला. म्हादू परत मागे गेला आणि काचा वेचू लागला.

तासाभरात सगळं संपलं. पाव्हण्यांनी उठताना फार छान झालं म्हणून सांगितलं आणि गेले. म्हादू पाटावर उभा राहून उरलेले पाच ग्लास पुसत होता. एक पुसून झाला की उजेडाकडे धरायचा, पालथा घालायचा, दुसरा घ्यायचा. इतकं सफाईदार पुसणं मी पाहिलेलं नव्हतं, आणि ते पाहून मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. एवढा बार स्वतःचा, आणि गडी पुन्हा मागेच.

भागूबाई मेंढरांकडे जाऊन आली. पदराला हात पुसत तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. बायकांना कसं कळतं ते देव जाणे.

"सरका," ती म्हणाली. "जावा म्होरं."

"तुला जमायचं न्हाई."

"वतायचंच हाय न्हवं? साठ मेंढरांची औषधं वतली म्या."

म्हादू बाजूला झाला. ती पाटावर चढली. आधीच उंच बाई, त्यात वीतभर पाट. डोकं जाऊन वरच्या वाशाला लागलं. म्हादू वळसा घालून पुढे आला. पागोटं सारखं केलं. गाडीच्या आसावर एक पाय ठेवला आणि कोपर टेकायला हात वर केला.

हात वर करूनही फळी बगलेत येत होती. पाय खाली घेऊन पाहिला, थोडं मागे सरून पाहिलं, टाचा उचलून पाहिल्या. काही केल्या कोपर टेकेना. टेकलं की खांदा कानाला लागायचा.

"रखमाजी, तू वाढवलास ह्यो," तो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. मला काय हवं ते म्हणा, पण माप चुकलं म्हणू नका. मी हत्यारांच्या पिशवीतून मापाची दोरी काढली आणि त्याच्या देखत जमिनीपासून मोजलं. वीतभर पाट, त्यावर त्याची बेंबी. गाठीला गाठ जुळली. "तुजंच माप हाय ह्ये. केसाचा फरक न्हाई."

म्हादू दोरीकडे बघत राहिला. मग पाटाकडे. मग फळीकडे. सावकाश त्याच्या तोंडावरचा रंग बदलला.

"म्हंजी... सायेब खाली जिमिनीवर उबे असायचे," तो म्हणाला. "आन् म्या पाटावर."

मी दोरी गुंडाळायला लागलो.

"उंच व्हते की रं ते," म्हादू म्हणाला. "लईच उंच व्हते."

मला त्याची इतकी दया आली की मी करवतीला हात घातला. "एक वीत खालनं कापतो. आत्ता कापतो. हत्तीचे पाय जात्याल, जाऊ द्यात." हे बोलताना माझं काय झालं असेल ते सुताराला विचारा.

"नको," म्हादू लगेच म्हणाला. "मंग मागनं देनाऱ्याला वाकावं लागंल."

भागूबाई वरून खाली बघत होती. "बोला," ती म्हणाली. "काय पायजे?"

आणि गंमत बघा. बावीस वर्षं ज्याने लोकांच्या फर्माईशी ऐकल्या, त्याला स्वतःची एक सुचेना. नुसतं बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं.

"ताक दे."

"ताक म्हाताऱ्यांनी संपवलं. शेळीचं दूध हाय."

"मंग इचारती कशाला? दे."

तिने ग्लास भरला. थेंब सांडला नाही. म्हादूने टाचा उचलून तो घेतला, फळीवर छाती टेकवून दोन घोट प्याला, आणि तिसऱ्याला ठसका लागला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हादूने मिशा पुसल्या. "खरं सांगू? उब्यानं घोट उतरत न्हाई." आणि तो हसायला लागला. मग मी हसलो, मग भागूबाई हसली, आणि वाशाला डोकं आपटून पुन्हा हसली.

हसू ओसरल्यावर म्हादू म्हणाला, "आता तू म्होरं ये. म्या देतो तुला. काय पायजे ते सांग."

"म्या? तितं उबी ऱ्हाऊ?" भागूबाई पाटावरून खाली उतरली. "बावीस वर्सं मेंढरांमागं उबीच हाय म्या. मला बसाय पायजे."

ती पुढे आली आणि घोंगडीवर पाय लांब करून बसली. म्हादू मागे गेला, ग्लासात दूध ओतलं, हातावर पांढरं फडकं टाकलं, वळसा घालून आला आणि तिच्यापुढे वाकून उभा राहिला.

भागूबाईने ग्लास घेतला. तोंडाला लावला नाही.

"बसा की," ती म्हणाली. "कुनी वर उबं ऱ्हायलं का मला बी घोट उतरत न्हाई."

म्हादू बसला.