पुस्तकातला भाऊ

"बूट काढा," तिकीट खिडकीवरची बाई मान वर न करता म्हणाली. "आणि टोपी घातल्याशिवाय आत सोडत नाही. केसांनी जाळी तुंबते."

गायिकेने निमूटपणे बूट काढले. तिला असं दरडावून कुणी काही सांगितल्याला आता युगं लोटली होती, त्यामुळे राग येण्याऐवजी तिला गंमतच वाटली. बाईने पुढे सरकवलेली रबरी टोपी तिने डोक्यावर ओढली, केस आत कोंबले आणि भिंतीवरच्या आरशात पाहिलं. सोललेल्या अंड्यासारखी दिसत होती. या अवतारात तिला सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं, आणि आईचा तर सगळा संसारच लेकीच्या चेहऱ्यावर चालला होता.

खांद्यावरच्या पिशवीत तिच्या आत्मचरित्राची कच्ची प्रत होती. ती काखेत घट्ट धरून, ओल्या फरशीवरून अनवाणी जपून पावलं टाकत ती आत शिरली.

काचेच्या छपरातून दुपारचं ऊन थेट तलावाच्या पाण्यावर पडलं होतं. उथळ बाजूला सात-आठ पोक्त माणसं कठड्याला घोरपडीसारखी चिकटून उभी होती. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे गुडघे बांधलेले. प्रत्येकाच्या तोंडावर परीक्षेच्या वर्गातली धास्ती. त्यांच्या मधोमध, छातीभर पाण्यात, तिचा धाकटा भाऊ उभा होता. एका अगडबंब माणसाच्या पाठीखाली तळहात धरून तो सांगत होता, "भट्टीपुढे दिवसभर उभे राहता ना? मग इथे थोडं आडवं व्हायला काय हरकत आहे? पडा खुशाल. बुडालात तर मी आहेच."

तो अगडबंब बेकरीवाला हसला, हसताना पाणी प्यायला, आणि तरी क्षणभर तरंगला. कठड्यावरून टाळ्या पडल्या.

गायिका जागीच थबकली. तेरा-चौदा वर्षं हा भाऊ तिच्या मागे ड्रमवर बसला होता. लांब केस, दाढी, अंधार. मोठमोठ्या मैदानांत टाळ्यांचा पूर आला, तरी तो मान खाली घालून स्क्रू आवळत बसायचा. आज सात-आठ माणसांच्या टाळ्यांनी त्याचा चेहरा उजळला होता.

त्याने तिला पाहिलं. टोपीसकट ओळखलं. शिट्टी वाजवून त्याने सगळ्यांच्या हाती तरंगायच्या फळ्या दिल्या, "जाऊन-येऊन चार फेऱ्या, आणि गप्पा मारायच्या नाहीत," असं बजावलं आणि अंगाला पंचा गुंडाळत तो कोपऱ्यातल्या खोलीकडे निघाला. ती मागोमाग गेली.

खोली कसली, अडगळच ती. फोमच्या फळ्यांची चळत, फाटक्या जाळ्या, एक बाक, चहाची किटली. त्याने दार लोटून घेतलं.

"जेवलीस का, ताई?"

"गाडीत खाल्लं. वाचलंस?"

"दोनदा."

तीन आठवड्यांपूर्वी तिने त्याला सातवं प्रकरण पाठवलं होतं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं होतं, "भेटून बोलू." तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता, तरी येताना ती पूर्ण तयारीनिशी आली होती. बाकावर बसून तिने पिशवीतून प्रत काढली. पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या.

"हे बघ, काय खटकेल ते मला ठाऊक आहे. तुझ्या झोपेच्या गोळ्यांचं वाक्य मी काढते. आईने तुला विमानतळावर कानफटात मारली, तेही हवं तर काढते. वकील म्हणतात काही बिघडत नाही, पण तुला नको असेल तर..."

"ते खरंच आहे सगळं. त्यातलं काही खोटं नाही."

"मग?"

"आणि चांगलं लिहिलंयस. मागच्या सीटवर आपण दोघं शहरांची नावं उलटी म्हणायचो, तिथे मी एकटाच खो खो हसत बसलो होतो."

तिचा चेहरा खुलला. "संपादिका म्हणते हेच पुस्तकाचं काळीज आहे. आईने जुंपलं, कंपनीने पिळलं, हे काय, सगळेच लिहितात. पण तो कार्यक्रम! ऐन गाण्यात तू काठ्या खाली ठेवल्यास, उठलास आणि चालता झालास. मी उरलेलं गाणं ठेक्याशिवाय म्हटलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. आजही ते गाणं मी तसंच गाते. आणि बारक्या, तुला उठून जाताना पाहिलं नसतं ना, तर मी आईला कधीच म्हणू शकले नसते की उद्यापासून माझं मी बघेन. तेच लिहिलंय मी. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मला तुझ्या पाठीने शिकवलं."

त्याने किटलीचं बटण दाबलं. पाणी उकळेपर्यंत तो पाठमोराच उभा होता.

"मला त्यातून काढ," तो म्हणाला.

"कशातून?"

"पुस्तकातून. पूर्ण."

ती हसली, कारण तिला ते थट्टेतलं वाटलं. मग तो वळला, आणि तिचं हसू विरलं.

"ताई, मी तिथून उठलो ते कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून. तू मला परत त्याच स्टुलावर बसवलंयस. वर लाइटही सोडलायस."

"मी तुझं कौतुक केलंय!"

"ठाऊक आहे. म्हणूनच बोलायला जड जातंय." त्याने दोन कपांत चहा ओतला. एक तिच्यापुढे ठेवला. "माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आठवतं? भूल द्यायला आलेला डॉक्टर सुई टोचता टोचता तुझं गाणं गुणगुणत होता. शुद्धीवर आलो तर म्हणाला, ताईंची सही मिळेल का. मी ज्या मुलीला लग्नाचं विचारलं, ती पहिल्यांदा काय म्हणाली? तुझ्या बहिणीला आवडेन का मी. इथे आलो, आईच्या माहेरचं आडनाव लावलं, केस कापले. हा जो बेकरीवाला आहे ना, त्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं, मास्तर, तुम्हाला गोड आवडतं की खारट? मला उत्तरच देता येईना. माझं मलाच माहीत नव्हतं."

"आणि काय आवडतं?"

"खारट."

बाहेर पाण्यात कुणीतरी कुणालातरी रागावत होतं. तिने चहाचा घोट घेतला, आणि मग मात्र तिच्यातली ती दुसरी बाई जागी झाली. भल्याभल्या निर्मात्यांना घाम फोडणारी.

"आणि माझं काय? ते लहानपण तुझं एकट्याचं आहे का? त्या गाडीत मीही होते. दर रात्री वेगळं गाव, वेगळी खोली, आणि आई दाराला बाहेरून कडी लावून हिशेब करायला गेली की भिंतीवर टकटक करून बोलायला मला तू सोडून कोण होतं? तुला काढलं तर काय उरतं त्यात? मी एकटीच वाढले असं लिहू?"

"लिही."

"खोटं?"

"कमी लिही. खोटं लिही म्हणत नाही."

"चांगलं आहे! सगळ्या जगाने माझे लचके तोडले, ते चाललं. मी पहिल्यांदा माझं स्वतःचं काही सांगायला निघाले, तर तूच माझ्या तोंडावर हात ठेवतोयस! तुझ्या जागी आई असती तर समजू शकले असते."

भांडायचं झालं तर तिच्यापुढे त्याचं कधीच चाललं नव्हतं, आणि आजही तो त्या फंदात पडला नाही. त्याने फक्त प्रत मिटली, चिठ्ठ्या नीट आत सारल्या आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"तुझं आहे. तू ठरवशील ते खरं. मी वकीलबिकील आणणार नाही."

हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं. ती ताडकन उठली, टाळूला रुतणारी ती टोपी तिने उपटून काढली आणि दार ढकलून तरातरा बाहेर आली. केस मोकळे होऊन खांद्यावर पसरले. फळी धरून काठाशी धापा टाकत असलेली एक निवृत्त परिचारिका तिच्याकडे बघतच राहिली. फळी तिच्या हातून सुटली.

"अगं बाई! तुम्ही... तुम्ही त्याच ना?"

एकेक डोकं वळलं. पाण्याची खळबळ थांबली. त्या उंच, घुमणाऱ्या जागेत इतकी शांतता पसरली की छपरावरून चालणाऱ्या पक्ष्यांची नखं ऐकू यावीत.

"मास्तर," परिचारिकेने गायिकेच्या खांद्यावरून पलीकडे पाहत विचारलं, "या तुमच्या कोण?"

गायिका वळली. तिचा भाऊ खोलीच्या दारात उभा होता, हातात चहाचे दोन कप. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. पण त्याने मान खाली घातली नव्हती. तो तिच्याकडे पाहत होता. विनवणी नाही, धमकी नाही, एखाद्याने दार उघडावं आणि समोरचा आत येतो की परत जातो याची वाट बघावी, तसा.

हजारो डोळ्यांसमोर उभं राहून काय करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने खांदे मागे घेतले, केस एका हाताने सावरले आणि हसली. ते हसू तिच्या पोस्टरवरचं होतं.

"मी यांची कुणी नाही हो. शिकायला आले होते. जागा आहे का विचारलं, तर मास्तर नाही म्हणतायत. म्हणून जरा आवाज चढला."

"नाही कसं म्हणतात?" बेकरीवाला छातीभर पाण्यात कंबरेवर हात ठेवून म्हणाला. "मास्तर, हे बरं नाही. मला घेतलंत, तर या काय जड आहेत?"

सगळे हसले. परिचारिका तर इरेलाच पेटली. "मोठ्या माणसांना काय भीती वाटत नाही पाण्याची? आजच घ्या यांना. आणि बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका, आमच्यातलं कुणी बाहेर बोलणार नाही. इथे सगळे पोटं दाखवत उभे आहोत, कोण कुणाचं काय सांगणार!"

तिच्या भावाने कप खाली ठेवले.

"पोशाख खिडकीवर मिळेल," तो म्हणाला.

कपडे बदलायच्या खोलीत ती एका पायावर उभी राहून, दुसरा त्या करकचून बसणाऱ्या पोशाखात घालत होती, तेव्हा फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून तिने संपादिकेला गाठलं.

"सातवं प्रकरण काढायचं."

"कोणतं वाक्य?"

"प्रकरण. अख्खं. आणि बाकी जिथे जिथे तो आहे, तिथूनही."

मग संपादिका सावकाश, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना? अहो, मग गाडीत मागच्या सीटवर तुमच्याबरोबर कोण असणार?"

"मी असेन. आणि सामान."

"आणि ठेक्याविना म्हटलेलं गाणं? ते कसं घडलं, काय सांगायचं?"

"माझ्या डोक्यातून आलं म्हणा."

"आईला सोडायचं धाडस? ते कुठून आलं? वाचणारा विचारेल ना."

तिने खांद्यावरचा पट्टा ओढून सोडला. तो चटकन बसला.

"माझ्यातच होतं म्हणा. एवढी मोठी गायिका आहे मी. एवढं खपून जाईल."

"आणि आईंचं प्रकरण? तेही काढायचं का?"

"छे! ते असू द्या. कालच तिचा फोन आला होता, माझी पानं इतकी कमी का म्हणून."

संपादिकेने हात टेकले असावेत. तिचा नुसता सुस्कारा ऐकू आला. गायिकेने फोन बंद केला, पिशवीत प्रतीवर ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. थोडा वेळ तिचा हात कुलपावर तसाच राहिला. मग तिने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

एका गाण्यासाठी तिला जलपरी केलं होतं. ते पोस्टर अर्ध्या जगातल्या मुलींच्या खोल्यांत लागलं होतं. प्रत्यक्षात तेव्हा ती एका निळ्या कापडावर पालथी पडली होती आणि दोघं जण तिच्यावर पंखा धरून होते. खऱ्या पाण्यात ती घोट्यापलीकडे कधी उतरली नव्हती. लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तिने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आपली भीती लपवावी असं तिला वाटलं नाही. परिचारिकेने तिला कठड्यापाशी जागा करून दिली. बेकरीवाल्याने गॉगल पुसून दिला.

तिचा भाऊ पाणी सारत तिच्यासमोर आला. लहानपणी तापात तिने त्याचा हात धरला असेल, त्यानंतर इतक्या जवळून तिने त्याला पाहिलं नव्हतं. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं, पण तिथे सगळ्यांच्याच पापण्यांवर होतं.

त्याने दोन्ही तळहात पाण्याखाली आडवे धरले. ती त्यावर मागे रेलली, छप्पर डोळ्यांसमोर आलं, कान बुडाले, आणि घाबरून तिने त्याचं मनगट घट्ट पकडलं. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत, ठसकत ती उभी राहिली. शेजारचे सगळे आपला नंबर विसरून तिच्याकडे बघत होते.

त्याने तिचा खोकला निवळू दिला. मग इतर सगळ्यांशी बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "होतं असं पहिल्या दिवशी. तुम्ही घाई करू नका, बाई. आपल्याकडे भरपूर वेळ आहे."