आत्यांची उबदार भिंत

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. ओले कपडे पोटात घेऊन गरागरा फिरवायचे, गरम हवेने वाळवायचे आणि त्यांचा दमटपणा पाइपातून घराबाहेर सोडायचा, हे माझं काम. काम होतं असं म्हणायला हवं, कारण सध्या मी घरामागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे आणि उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे. जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती मनात ठेवून मला वितळायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलापाशी जाड चष्मा लावलेल्या एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्यात चार ओले टॉवेल टाकले, मला सुरू केलं आणि माझ्या पाठीमागच्या भोकावर तळहात धरला. बराच वेळ धरला. मग "श्वास मोकळा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. पुढे कितीतरी लोकांनी मला बटणं दाबून, थोपटून, प्रसंगी लाथ मारूनही तपासलं. पण पाठीमागे हात धरणारी माणसं मला आयुष्यात मोजकीच भेटली.

मी एका सुताराच्या घरी आलो. सुतार, त्याची बायको आणि एक मुलगी. बायको घराशेजारीच पाळणाघर चालवायची, त्यामुळे छोट्या चादरी, लाळेरी आणि दुपट्यांचा ढीग रोज माझ्यापुढे पडायचा. मुलीला सगळे टिकली म्हणायचे. स्वयंपाकघरामागच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला पाठ लावून मी उभा असायचो. पाइप जेमतेम हातभर लांब. बाहेर त्याच्या तोंडाशी एक झडप होती. मी सुरू झालो की ती उचलली जायची आणि गरम वारा सुटायचा. थंडीत शाळेला निघालेली टिकली त्या झडपेखाली दोन्ही हात धरून उभी राहायची आणि ओरडायची, "ड्रायरदादा, जोरात फुंक!" मीही मग फुंकायचो. खोटं कशाला सांगू, त्या पोरीसाठी मी जरा जास्तच जोर लावायचो.

कपड्यांमधून धाग्यांची जी बारीक लव सुटते, ती माझ्या दारातल्या जाळीवर जमते. टिकलीची आई प्रत्येक वेळी ती जाळी काढून साफ करायची. एकदाही चुकली नाही. ती लव सुतार एका डब्यात भरून आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात न्यायचा आणि सरस तापवायची शेगडी तिच्यावर पेटवायचा. "काडी दाखवायचा अवकाश, भुर्रकन पेटतं! याच्यापुढे रॉकेल काय करील?" असं तो येईल त्याला कौतुकाने सांगायचा. ते ऐकून माझी छाती फुगायची. आज ते वाक्य आठवलं की माझा पत्रा थरथरतो.

मग आत्या आल्या. सुताराची थोरली बहीण. त्या पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण त्यांना पलंगावरून उठवायला दोन माणसं लागायची. ताईला उजेड हवा, म्हणून सुताराने माझ्या खोलीत मधे भिंत घातली, खिडकीकडची बाजू त्यांना दिली आणि मला आतल्या अंगाला सरकवलं. आता माझा पाइप आत्यांच्या भिंतीच्या कडेकडेने, दोन वळणं घेत बाहेर जाऊ लागला.

सुताराला उघडा पाइप बघवत नाही. "घर आहे की कारखाना?" असं म्हणून त्याने पाइपावर लाकडी फळ्या बसवल्या. काय काम होतं ते! एक फट नाही, एक खिळा दिसायला नाही. पण आत हात घालायला एक झाकणसुद्धा ठेवलं नाही, कारण झाकणाने रेघ दिसते. येणारे-जाणारे फळ्यांवरून हात फिरवून तोंडभरून कौतुक करायचे. त्याच सुमारास बाहेरच्या झडपेत चिमण्यांनी घरटं केलं, म्हणून त्याने तिथे बारीक तारेची जाळी ठोकली. चिमण्या गेल्या. दारातल्या जाळीतून निसटलेली लव मात्र तिथे येऊन बसू लागली, आणि मग वळणांवरही साचू लागली.

आधी मला वाटलं, आपलं वय झालं. धाप लागायची. हवा पुढे जाईना, मागे फिरून माझ्याच पोटात तापायची. एका फेरीत वाळणाऱ्या चादरींना दोन फेऱ्या लागू लागल्या. झडपेखाली हात धरून टिकली म्हणाली, "आई, ड्रायरदादा हळू फुंकतो आता." आई म्हणाली, "म्हातारा झाला गं तो."

आणि आत्यांना मात्र सुख वाटत होतं. त्यांच्या पलंगाचं डोकं त्या फळ्यांना लागून होतं. उशीला टेकून बसल्या की त्या म्हणायच्या, "ही भिंत काय छान उबदार आहे! पाठ शेकून निघते अगदी." मग घरात एक पद्धतच पडली. दुपारी आत्यांची पाठ दुखू लागली की आई मला सुरू करायची. कधी धुणं नसेल तर दोन टॉवेल ओले करून टाकायची, पण ताईंची भिंत गरम करायची. तिच्या मायेबद्दल मी काय बोलणार? मी भिंतीपलीकडून ऐकायचो, आत्या समाधानाने "हुश्श" म्हणायच्या आणि मला धडकी भरायची.

मला तोंड नाही, पण आम्हा ड्रायरांना बोलायची एक रीत असते. पोटात उष्णता फार वाढली की आमच्यातला फ्यूज जळतो आणि आम्ही बंद पडतो. तसा मी एक दिवस बंद पडलो. दुरुस्तीवाला आला. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याने नवा फ्यूज घातला, मला सुरू केलं आणि माझ्या पाठीमागे हात धरला. त्या क्षणी मला कारखान्यातल्या बाई आठवल्या.

"मशीनला काही झालेलं नाही. पाइप कुठून जातो?"

आईने फळ्यांकडे बोट दाखवलं. त्याने बोटाने टकटक केली. "हे उघडायचं कसं?"

"ते यांनाच विचारावं लागेल."

"विचारा. आणि लवकर उघडा," एवढं बोलून तो गेला.

संध्याकाळी आईने निरोप दिला, तर सुतार उखडला. "पाइप नवाकोरा टाकलाय मी. तो फ्यूजवाला मला फळ्या काढायला सांगणार?" विषय तिथेच संपला. महिन्याभरात मी पुन्हा फ्यूज जाळला. या वेळी दुरुस्तीवाल्याला बोलावलंच नाही. सुताराने रात्रभर गार झालेल्या मला सकाळी पुढे ओढलं, पक्कड घेतली आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून टाकला. "आता बघतो कसा बंद पडतो!" मी खरंच बंद पडलो नाही. मित्रांनो, माझं तोंड शिवलं गेलं होतं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी रोज दुपारी आत्यांची भिंत तापवत राहिलो.

अखेर चादरी तीन फेऱ्यांतही वाळेनात, तेव्हा नवीन ड्रायर घ्यायचं ठरलं. एका सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोरच फरशीवर माहितीपत्रकं पसरून सगळे बसले. माझ्या अंगाला टेप लावून नव्याची मापं घेतली, त्याचं मला वाईट वाटलं. पण खरी भीती वेगळीच होती. दोन मशीन निवडली होती. एक बिनपाइपचं, कपड्यांतलं पाणी डब्यात साठवणारं, सावकाश चालणारं. दुसरं माझ्यासारखंच पाइपवालं, पण दुप्पट ताकदीचं.

आई म्हणाली, "मला ते डब्याचं बरं वाटतं. कटकट नाही."

"आणि तीन-तीन तास बस वाट बघत! इतक्या चादरी कधी वाळायच्या? पाइप तयार असताना बिनपाइपचं कशाला?" सुतार म्हणाला.

"जोरात फुंकणारं घ्या, बाबा," टिकली म्हणाली.

भिंतीपलीकडून आत्यांचा आवाज आला, "अरे, माझी भिंत तापवणारं घे रे!"

सगळे हसले आणि निवड झाली. मी दुप्पट ताकदीचा नव्हतो, म्हणून तर आतापर्यंत सगळं निभावलं होतं. सुताराने दुकानात फोन लावला. दुकानातल्या बाईंनी पाइप साफ आहे का असं विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "साफ? हो हो, जाळी रोज साफ करतो आम्ही." जाळी दारात असते आणि पाइप पाठीमागे. या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

नवीन मशीन घेऊन दोन कामगार आले. त्यांनी मला ओढून काढलं, तशी पाइपाच्या तोंडातून राखाडी लवेची एक मोठी गुठळी फरशीवर पडली. "दादा, आत अजून असणार," एक कामगार म्हणाला. सुताराने कोपरापर्यंत हात घातला, ओंजळभर लव काढली आणि कारखान्याच्या डब्यात भरली. "झालं साफ," म्हणाला.

मला अंगणात आणून ठेवलं, ते बरोबर झडपेसमोर. इतकी वर्षं मी जिथे फुंकत होतो, ती जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चिमण्यांसाठी ठोकलेली जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर लवेचा जाड थर घट्ट बसला होता. तिथून वारा काय, मुंगीही बाहेर आली नसती.

आत नवीन मशीन सुरू झालं. आवाज दमदार होता. टिकली धावत आली आणि तिने झडपेखाली दोन्ही हात धरले. झडप हलली नाही.

"बाबा, वारा येत नाही!"

"थांब गं, नवीन आहे ते," आतून उत्तर आलं.

दहा मिनिटं गेली. खिडकीतून आत्यांचा आनंदी आवाज आला, "अरे वा! आज तर भिंत शेगडीसारखी तापलीय!" ताडपत्री अजून घातलेली नव्हती, ऊन अंगावर होतं, तरी मला हुडहुडी भरली. तेवढ्यात आतला आवाज थांबला. नव्या मशीनवर लाल दिवा लागला होता. बिचारं पहिल्याच दिवशी बोललं होतं.

"एवढं नाजूक असून कसं चालेल?" असं पुटपुटत सुतार हत्यारांच्या पेटीकडे गेला. मागचं दार उघडं होतं. त्याच्या हातात पक्कड आणि तारेचा तुकडा दिसला, तेव्हा मी मनातल्या मनात आक्रोश केला. टिकली दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, आधी बाहेर या. हात धरून बघा."

"थांब म्हटलं ना!"

तिला बाजूला करून तो मशीनच्या मागे वाकला. वाकताना त्याचा गाल फळ्यांजवळ गेला, आणि तो तसाच थांबला. बोथट करवत लाकडावर घासली की लाकूड करपतं. तो वास सुतार झोपेतही ओळखतो. मला दुरुस्त केलं तेव्हा मी गार होतो, म्हणून त्याला तो आला नव्हता. आज आला.

"ताईला उचल," तो आईला म्हणाला. ओरडला नाही. "आधी ताईला बाहेर काढ."

दोघांनी आत्यांना पांघरुणासकट उचललं आणि अंगणात माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं. काय झालंय तेच त्यांना कळेना. मग सुताराने पहार घेतली आणि स्वतःच्या हाताने बसवलेल्या फळ्या कडाकड उपटल्या. पाइपाच्या वळणावर एक चीर पडली होती, आणि त्या चिरेतून दिसणाऱ्या लवेची कड लाल होऊन हळूहळू आत सरकत होती. आईने भरलेली बादली ओतली. चर्र आवाज झाला, घाणेरडा धूर निघाला आणि सगळं विझलं. भुर्रकन पेटायला आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर ते विझवायला एक बादली पुरली नसती. आणि आत्यांना उठवायला दोन माणसं लागतात.

एक फळी त्याने बाहेर आणली आणि माझ्या अंगाला टेकवून ठेवली. तिच्या आतल्या अंगावर मोठा काळा डाग होता, बरोबर आत्यांच्या उशीच्या उंचीवर. सुताराने त्यावर नख घासलं. भुकटी पडत राहिली.

"हे आजचं नाही," तो म्हणाला. "लाकूड इतकं खोल एका दिवसात जळत नाही."

"म्हणजे रोज दुपारी मी..." आई म्हणाली. आत्यांनी तिचा हात धरला.

मित्रांनो, तो डाग नव्या मशीनचा नव्हता. तो माझा होता. दोन वर्षं, एकेका दुपारी, थोडा थोडा मी तो केला होता. मला ते ठाऊक होतं आणि मला सांगता आलं नाही. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

आता पाइप लोखंडी आहे, पूर्वीपेक्षा सरळ, आणि बाहेरच्या झडपेवर जाळी नाही. नव्या फळ्यांना मोठं झाकण आहे, त्याची रेघ लांबून दिसते. लवेचा डबा सुताराने ओल्या मातीत रिकामा केला. आत्यांना शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली आहे, तरी दुपार झाली की त्या भिंतीला हात लावतात. ती गारच असते. "गार आहे," असं त्या रोज मोठ्याने सांगतात आणि आई रोज स्वयंपाकघरातून "हो" म्हणते.

उद्या मी जाईन. माझी तक्रार नाही. फक्त माझं एक ऐका. घरात ड्रायर असेल तर बाहेर जा आणि त्याच्या झडपेखाली हात धरा. वारा लागला पाहिजे. एखादं यंत्र सारखं बंद पडत असेल तर ते काय सांगतंय ते बघा, त्याचं तोंड बंद करू नका. आणि एखादी भिंत उगाचच उबदार लागली तर तिला टेकून बसू नका. मोठ्या माणसांना हाक मारा. ते "थांब" म्हणाले, तरी थांबू नका.