पाठमोऱ्या गाई

गंगासागरनं काढलेली गाय बघून छावणीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तेव्हा तिनं आधी मांडीवरच्या लेकराचं टोपडं नीट केलं. काही सुचेनासं झालं की ती टोपडंच नीट करायची.

"आगं, पापण्या बघा की हिच्या," छबुबाई म्हणाली. "ही दूध देईल का शिनिमात जाईल?"

केजजवळच्या दूध संस्थेनं दुष्काळात जनावरांची छावणी उघडली होती. आहे तो चारा वाया न घालवता कसा पुरवायचा हे सांगणारं एक चित्रांचं पुस्तक संस्थेला काढायचं होतं. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. सेक्रेटरी भगवानरावांनी काम गंगासागरला दिलं, पण अट घालून. शनिवारपर्यंत छावणीतल्या बायांना चित्रं पटली तर ठीक, नाहीतर बाजारातली तयार चित्रं छापायची. बी.ए. झालेल्या, शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या गंगासागरचं हे पहिलंच छापून येणारं काम. खाली नाव येणार होतं. ते सासूबाईंनी, शिवकांताबाईंनी, गल्लीभर सांगूनही टाकलं होतं. आता मागं फिरायची सोय नव्हती.

ती पापण्यांची गाय दुकानातल्या कॅलेंडरवरून उचललेली. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवरच्या एका परदेशी चित्रकार बाईसारखी निळसर, पाण्यात विरघळल्यासारखी गाय आणली.

"हिला डाक्टरला दाखव," चंद्रभागाबाईनं निदान केलं.

तिसरी गोल डोळ्यांची, गुबगुबीत.

"ही नातवाला दे माझ्या, खेळंल." मग चंद्रभागाबाईनं सहज विचारलं, "अन् यातली तुझी कोणती गं पोरी?"

गंगासागरनं लेकराचं टोपडं नीट केलं. घरी जाऊन तिन्ही गाई तिनं ट्रंकेत टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती कोरा कागद घेऊन छावणीत बसायला लागली. बसायची कुठं, तर टँकरच्या सावलीला, जनावरांच्या पार मागं. लेकराला शिंग लागेल, लाथ बसेल, गोचीड चावेल. तिला एका वेळी चार संकटं दिसायची. तिथून गाईंची तोंडं दिसत नव्हती, ती गव्हाणीत होती. दिसायचे ते मागचे पुठ्ठे, शेपट्या, पायाखाली पडलेला चारा, आणि पोळ्याला रंगवलेल्या शिंगांची उडत चाललेली लाली. एका हातात लेकरू. ते पेन्सिल ओढायचं. त्याचा हात पडायच्या आत होईल तेवढीच रेघ, मग पुढची. हाडं वर आलेल्या अंगाला तसली तुटकी रेघच शोभते, हे तिला तिसऱ्या दिवशी उमगलं. परदेशी बाईकडून तिनं एवढंच ठेवलं, की ऊन असेल तिथं कागद कोराच सोडायचा. कॅलेंडरमधला घेतला तो शिंगांचा तांबडा.

"आमच्या सूनबाईला गाईचं तोंड आवडंना झालंय," शिवकांताबाईंनी सगळ्यांना सांगितलं. "घरी माझ्याशीबी माझी पाठ फिरल्यावरच बोलती."

शनिवारी भगवानरावांनी चित्रं उलटसुलट करून पाहिली. "ताई, तोंड कुठाय?"

गंगासागरचा हात टोपड्याकडं गेला. तेवढ्यात चंद्रभागाबाई पुढं वाकली.

"आगं बया! ही तर माझी ढवळी. शेपटीचा गोंडा झडलेला, डाव्या पुठ्ठ्यावर डाग."

"अन् ही माझी," छबुबाईनं बोट ठेवलं. "एका पायावर भार टाकून उभी ऱ्हाती, आळशी कुठली."

"पण तोंड न्हाई ना हो," भगवानराव म्हणाले.

"शेण काढताना कोण तोंड बघतंय, साहेब?" चंद्रभागाबाई म्हणाली. "दिसभर आमी मागनंच बघतो. अन् हे बघा, अख्खा कडबा टाकला तिथं पायाखाली केवढा तुडवला. बारीक कुट्टी करून घातली तिथं काडी न्हाई खाली. काय वाचायचंय अजून?"

भगवानरावांनी चित्रं गोळा करून पिशवीत घातली. "छापू. खाली नाव घाला, ताई. तेवढं पहिल्या पानावर आपल्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांचंबी एक चित्र लागंल."

गंगासागरचा चेहरा उतरला. माणसाचा चेहरा, तोही चेअरमनचा!

"त्यांचंबी मागनंच काढ," छबुबाई म्हणाली. "निवडणूक झाल्यापासून तेवढंच दिसलंय आमाला."

भगवानराव जोरात खोकले आणि टँकरकडं बघायला लागले. गंगासागरनं लेकराच्या मुठीतली पेन्सिल सोडवून घेतली. चेअरमनसाहेबांचं टक्कल मागून कसं दिसतं, हे तिच्या चांगलं ध्यानात होतं.